संकल्पाचं पाणी

२३ मार्च

आईने माझी उशी आमच्या खोलीतून उचलून हॉलमधल्या दिवाणावर आणून आपटली, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. वर म्हणते, "आजपासून तू इथं निजायचं."

मी जेवत होतो. घास तोंडातच राहिला. "का? केलं काय मी?"

"केलं काहीच नाय, तेच तर. आता जे करायचं ते रीतसर. पंचवटीत सुलाबाईंच्या वर्गात नाव घातलंय तुमचं. बाळ यायच्या आधीची तयारी करून घेतात. दोन महिने वेगळं निजायचं, सात्त्विक खायचं, जप करायचा. मग मुहूर्त."

लग्नाला तीन महिनेही झाले नाहीत! मी बावीसचा, ज्योत्स्ना एकवीसची. हिच्यासाठी मी बी. कॉम. अर्ध्यावर सोडलं. हजेरी भरली नाही म्हणून सरांनी बोलावलं होतं. भरणार कशी? मी रोज सकाळी हिच्या नर्सिंग कॉलेजच्या गेटवर हजर असायचो. सर आईबापाच्या कष्टांवर बोलायला लागले, तसं मी ओळखपत्र त्यांच्या टेबलावर फेकलं आणि चालू लागलो. एका मिनिटाचाही पश्चात्ताप नाही. आम्ही मखमलाबादचे माळी, फुलं करणारे. ती पेठकडची कोकणा आदिवासी. कोर्टात लग्न केलं, जोडीने घरी आलो. आईने महिनाभर तोंड फिरवलं, मग एका सकाळी तिच्या हातचा चहा मुकाट्याने प्यायली. मला वाटलं, जिंकलो.

आणि आता ही उशी.

वडिलांकडे, अण्णांकडे बघितलं. त्यांनी ताटातली मिरची बारकाईने तपासायला घेतली. ज्योत्स्नाकडे बघितलं. ती पदर सावरून म्हणाली, "आई म्हणतात तर करू या की."

भांडली का नाही? मी असतो तर भांडलो असतो. खरं तर मी भांडलोच. उपयोग झाला नाही.

२६ मार्च

सुलाबाईंचा वर्ग झाला. बारा-पंधरा जोडपी, सतरंजी, समोर बाळकृष्णाचा फोटो. सुलाबाई साठीच्या, जाड भिंगाचा चष्मा, आवाज मात्र शाळेच्या घंटेसारखा. सगळ्यांना एकेक वही दिली. रोज निजायच्या आधी एक चांगला विचार लिहायचा. ही तीच वही; २३ तारखेचं आधी सुट्या कागदावर लिहिलं होतं, ते पहिल्या पानावर उतरवून काढलं.

"शेतात बी टाकायच्या आधी तुम्ही काय करता?" त्यांनी नेमकं मलाच विचारलं. माझ्या नखांत माती असेल.

"नांगरतो. ऊन खाऊ देतो. शेणखत घालतो."

"मग बाळ काय झेंडूपेक्षा स्वस्त आहे का?"

सगळे हसले. ज्योत्स्नासुद्धा! मी म्हणालो, "झेंडूला उशी वेगळी लागत नाही." तेव्हा सुलाबाई पण हसल्या, पण सूट दिली नाही. पहाटे उठायचं, गार पाण्याने अंघोळ, संतानगोपाळाचा जप, तिखट बंद, मटण बंद, संताप बंद.

संताप बंद! मी आहेच त्याचा बनलेला.

आजचा चांगला विचार: नाही.

२ एप्रिल

बाजारात फुलं पोहोचवून परत आलो की मी ज्योत्स्नाला गाडीवर कॉलेजला सोडतो. दिवसातली तेवढीच माझी वेळ. सिंहस्थाच्या कामांनी रस्ता खणून ठेवलाय, खड्डा आला की ती माझा खांदा धरते. मी एकही खड्डा चुकवत नाही.

आज आईने दारातच गाडी थांबवली आणि आमच्या दोघांच्या मध्ये सीटवर झेंडूचं रिकामं क्रेट ठेवलं. "धर गं घट्ट," असं ज्योत्स्नाला म्हणाली. क्रेटला!

अख्खं मखमलाबाद बघत होतं. नाक्यावरचा गोटीराम चहावाला ओरडला, "काय हर्षलशेठ, बायको की पार्सल?" मी गाडी थांबवून त्याची गचांडी धरणार होतो. ज्योत्स्ना मागून म्हणाली, "चल ना, माझी ड्युटी आठला लागते." तिला ड्युटीचं पडलं होतं.

चारचौघांत ती मला 'अहो' म्हणते आणि एकटे असलो की 'अय'. उशी बाहेर आल्यापासून 'अय' ऐकलेलं नाही.

८ एप्रिल

तूप. सकाळी उपाशीपोटी वितळलेलं तूप. वर्गातल्या वैद्यांनी सांगितलं आणि आईने वाटी हातात दिली. मी प्यायलो आणि थेट गंगापूर रोडला जाऊन झणझणीत मिसळ हाणली, वर दोनदा तर्री. तूप आणि तर्री पोटात भांडली. दुपारभर शेवंतीच्या वाफ्यात बसून होतो. आई म्हणाली, "बघ, तूप कसं सगळं शुद्ध करतंय."

हॉलच्या दिवाणावरून आमच्या खोलीचं दार दिसतं. दाराखालून उजेडाची एक पट्टी येते. ती बरीच उशिरापर्यंत असते. बिचारी ज्योत्स्ना. तिलाही झोप येत नाही माझ्याशिवाय. काल हळूच दारावर टकटक केलं, तर लगेच दिवा बंद झाला. इतकी घाबरते आईला!

ही पट्टी बघत झोपतो. म्हणजे आम्ही दोघं एकाच वेळी जागे असतो, एवढं तरी आहे.

१४ एप्रिल

वर्ग संपल्यावर आई देवळात गेली आणि आम्हाला गोदाकाठी पाच मिनिटं मिळाली. मी तिचा हात धरला. दवाखान्याच्या साबणाचा वास येतो तिच्या हाताला. जगात कुठल्याही अत्तरापेक्षा मला तो आवडतो, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "फिनाईल आहे ते, वेड्या."

मग म्हणाली, "अय, एक विचारू? कॉलेज सुटलं तेव्हा तुला काय वाटलं?"

"सुटलं नाही, मी सोडलं."

"बरं, सोडलंस. मग काय वाटलं?"

"मोकळं वाटलं! ज्योत्स्ना, कागदाच्या तुकड्यासाठी लोक आयुष्य घालवतात. आपल्याला काय कमी आहे? मळा आहे, तू आहेस. तू पण बघ, आई म्हणते तसं पोटात बाळ आलं की कॉलेज बंद, रोज पहाटे उठणं नाही, त्या मेट्रनची बोलणी नाहीत. राणीसारखी बस. मी आहे ना."

ती नदीकडे बघत राहिली. मला वाटलं, भरून आलं असेल.

"बरं," असं म्हणाली आणि हात सोडवून घेतला. आई येत होती.

आजचा चांगला विचार: मी तिला राणीसारखं ठेवणार.

२० एप्रिल

सासरे आले होते. बुधाबाबा. पेठच्या गाडीने पहाटे निघालेले, डोक्यावर नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या पिठाची पिशवी. लेकीसाठी. सासूबाईंनी, भिमाआईने, म्हणे स्वतः निवडून, दळून दिली.

आईने पिशवी घेतली, पाणी दिलं, चहा दिला, सगळं केलं. ते बाहेर अण्णांबरोबर मळा बघायला गेले तेव्हा मात्र स्वयंपाकघरात मला म्हणाली, "ही भाकरी आता नको रे तिला. तयारीच्या दिवसांत गहू, दूध, तूप. काळी भाकरी खाऊन बाळ पण..."

"बाळ पण काय?"

"मी काय वाईट बोलले?"

"बाळ पण काय, आई? बोल ना! तिच्यावर गेलं तर?"

"आवाज कमी कर, बाहेर माणूस हाय."

"तो माणूस माझा सासरा आहे!" मी पिशवी फोडली, परातीत पीठ ओतलं, पाणी घातलं आणि मळायला बसलो. मला येत नाही. गोळा हाताला चिकटला तो सुटेना. ज्योत्स्ना आली, एक अक्षर न बोलता माझ्याकडून परात घेतली, भाकऱ्या थापल्या. मी हॉलमध्ये सगळ्यांसमोर बसून तीन खाल्ल्या, वर ठेचा घेतला. संताप बंद, तिखट बंद, सगळे नियम एका पंगतीत मोडले.

बुधाबाबा हसले. लेकीला विचारत होते, "तुझी परीक्षा कदी आहा?" ती म्हणाली, "ऑगस्टमध्ये, बाबा." ते अण्णांना म्हणाले, "पाड्यावर आताच तिला सिस्टर म्हणतात. मागल्या खेपेला आली तं ओटीवर रांग. कोणी फोड दाखवी, कोणी गुरांचा पाय." आम्ही सगळे हसलो. आई पण.

जाताना आईने त्यांना भेंडी, गुलाब आणि धोतरजोडी दिली. बाई वाईट नाही. म्हणूनच तिच्यावर नीट चिडता येत नाही, याची मला सर्वांत जास्त चीड येते.

ता. क. सुलाबाईंना आईने नागलीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "मालनबाई, त्याहून चांगलं काय असतं? मला पण आणा दोन किलो." आईचं तोंड बघण्यासारखं झालं. चांगला विचार क्रमांक एक.

२ मे

आज गुरुजी आले गर्भाधानाचा मुहूर्त काढायला. मी पहाटेपासून आंघोळ करून तयार. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तांबड्या पेनाने ज्योत्स्नाचे दिवस गोल करून ठेवलेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे. मी ते पान उलटं केलं. आईने सुलटं केलं. असं चार वेळा.

गुरुजींनी पंचांग उघडलं. "पंधरवड्यात एक दिवस छान आहे." माझ्या छातीत ढोल वाजला. आणि ज्योत्स्ना, जी गेले महिनाभर घरात एक वाक्य बोलत नाही, ती पदर डोक्यावर घेऊन म्हणाली, "पण आई, वर्गात अजून शेवटचा महिना राहिलाय ना? आणि पुढे लगेच अधिक महिना लागतोय. अधिकात शुभकार्य करत नाहीत असं तुम्हीच सांगितलं होतं. मग अधिक संपल्यावरच करू या. कसर नको राहायला."

 आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऐकलंत का गुरुजी? कुठल्या पाड्यावरची पोर, आणि रीत बघा कशी धरली."

गुरुजी म्हणाले, "तसं या संस्काराला अडत नाही. पण मनात शंका नको. निज ज्येष्ठात करू."

म्हणजे आणखी दीड-दोन महिने दिवाण! आणि ते मागून घेतले कोणी? माझ्या बायकोने! आईने तिला जवळ घेतलं. पहिल्यांदा. मी खुर्चीला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

३ मे

तिच्याशी बोललो नाही. तिला ते कळलंही नाही, सकाळी गाडीवर पुस्तक वाचत होती. क्रेटवर पुस्तक ठेवून. क्रेटचा असाही उपयोग होतो.

१९ मे

अधिक महिना लागलाय. आई धोंड्याच्या जेवणाच्या तयारीत. जावई नसलेल्या घरात तिने जावई शोधलाय: मी. म्हणते, "तू सुनेला घेऊन पेठला जाऊन ये, वाण घे त्यांच्याकडून."

वर्ग सुटल्यावर मी एकटाच सुलाबाईंपुढे जाऊन उभा राहिलो. "मला या सगळ्यावर विश्वास नाही. जप करताना मी ज्योत्स्नाचा विचार करतो. चालतं का?"

"काय विचार करतोस?"

"ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही."

त्यांनी चष्मा पुसला. "बरं. आणि ती जप करताना कसला विचार करते?"

"माझाच, दुसरा कुणाचा?"

"विचारलंयस?"

"त्यात विचारायचं काय?"

"हर्षल, तूप, जप, हे सगळं आजूबाजूचं. खरा संस्कार पळीभर पाण्यात असतो. संकल्प. नवऱ्याने पाणी हातात घ्यायचं, आणि बायकोने त्याच्या हाताला हात लावायचा. तो हात लागला म्हणजे दोघांचं म्हणणं एक झालं. नाही लागला तर नुसतंच पाणी सांडलं. त्या दिवसाआधी विचारून ठेव."

म्हाताऱ्या माणसांना कोड्यात बोलायची सवय असते. हात लावायला ज्योत्स्ना काय नाही म्हणणार आहे?

४ जून

तिच्या कॉलेजच्या गेटवर शुभांगी भेटली, तिची मैत्रीण. चुरूचुरू बोलणारी. "काय जीजू, आमच्या टॉपरला परीक्षेला सोडणार ना?"

मी म्हणालो, "परीक्षा कसली, तोवर आमच्याकडे गोड बातमी असेल. मग कॉलेज बंद."

तिचं हसू एकदम गेलं. "ज्योत्स्नाला माहितीये हे?"

"म्हणजे काय! तिनेच तर मुहूर्त पुढे ढकलला, सगळं नीट व्हावं म्हणून."

शुभांगी माझ्याकडे असं बघायला लागली, जसं आपण चुकीच्या बसमध्ये बसलेल्या माणसाकडे बघतो. मग म्हणाली, "जीजू, तुम्ही ना... जाऊ दे." आणि निघून गेली. हिचं अजून लग्न ठरत नाही, म्हणून जळते.

१२ जून

आईशी जोरात वाजलं. मी म्हणालो, "तुला नातवापेक्षा नियम जास्त आवडतात." ती मोगरा ओवत होती. सुई थांबली.

"तुझ्या आधीची दोन पोटातच गेली माझी," ती म्हणाली. "कुणी सांगणारं नव्हतं काय खायचं, काय नाय. मी दिवसभर वाफ्यात वाकलेली. सासूबाई म्हणायच्या, होईल पुढचं. तुझ्या वेळेला मीच मनाने एक एक नियम लावून घेतला. खरे का खोटे, मला नाय माहीत. पण तू राहिलास."

 बावीस वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. मी जाऊन गुलाबाचं ठिबक बघून आलो. चालूच होतं.

परत आलो तर ज्योत्स्ना आईच्या शेजारी बसून ओवत होती. आईने तिच्याकडे न बघता फुलांची टोपली तिच्याकडे सरकवली. हिनेही ऐकलं असावं. तिचं तोंड अगदी उतरलं होतं. बायकांना अशा गोष्टी लागतात.

२५ जून

उद्या. उद्या! गोजराआत्या घोटीहून आली, येताना तांदूळ आणि सल्ले घेऊन आली. मी खोली सजवली. आमच्याच मळ्यातला मोगरा, शेवंती, गुलाब. बाजारात पाठवायची फुलं अण्णांनी स्वतः बाजूला काढून ठेवली आणि म्हणाले, "पांढरी जास्त लाव." तीन महिन्यांतलं त्यांचं या विषयावरचं हे पहिलं बोलणं.

गादी सरळ करताना खाली प्रसूतिशास्त्राचं जाडजूड पुस्तक सापडलं. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा. गादीखाली! केवढी आतुर आहे बाळासाठी. मी परत तिथेच ठेवलं. तिची गंमत राहू दे.

चांगले विचार आज इतके आहेत की पान पुरायचं नाही.

२६ जून, दुपार

पॅकिंगच्या शेडमध्ये बसून लिहितोय. घरात पंगत चाललीय. मला जेवायचं नाही. मला कुणाशी बोलायचं नाही. 

सकाळी होम होता. मी सोवळं नेसलेला, ती हिरव्या साडीत, माझ्या उजव्या हाताला. उपरण्याची आणि पदराची गाठ. मला तिच्याकडे बघवत नव्हतं इतकी चांगली दिसत होती. गुरुजींनी माझ्या तळहातावर पळीने पाणी घातलं. म्हणाले, "सूनबाई, हाताला हात लावा."

तिचा हात आला. सगळ्यांना दिसला. आईने हात जोडले, आत्याने डोळे पुसले.

तो लागलाच नाही.

माझ्या मनगटापासून बोटभर अंतरावर थांबला. मला त्याची ऊब कळत होती. मी जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा तो हात जास्त ओळखतो, आणि तो मला लागलेला नव्हता. वाटलं, चुकून. मी मनगट जरासं वर केलं. तिचा हातही तेवढाच वर गेला.

गुरुजी संकल्प सांगत होते. मी मध्येच म्हणालो, "गुरुजी, परत म्हणा. मला नीट ऐकू आलं नाही." आत्या फिसकन हसली. "पोराला घाई झालीय, कान काम करीना." गुरुजींनी पहिल्यापासून म्हटलं. मी वाट बघितली. सगळं परत म्हणून होईपर्यंत वाट बघितली. नाही लागला.

"सोडा पाणी," गुरुजी म्हणाले.

सोडायला काही नव्हतं. माझी बोटं कधी विलग झाली कळलं नाही, पाणी केव्हाच गळून धोतर भिजलं होतं. मी रिकामा तळहात ताम्हनावर उलटा केला. कुणाला कळलं नाही.

तिला मी नकोय. हे आता स्पष्ट आहे. तिने अधिक महिना मागून घेतला तेव्हाच कळायला हवं होतं. कॉलेज सोडलं, आईशी भांडलो, नागली मळली, तूप प्यायलो, आणि तिला मी नको. दुसरं कुणी असेल? दवाखान्यातला एखादा डॉक्टर? मी त्याला फोडून काढीन. नाही, तिलाच विचारीन. संध्याकाळी आत गेल्यावर तोंडावर विचारीन आणि मग या घरातून, या गावातून निघून जाईन. बघतच बसा.

२७ जून, सकाळ

निघून गेलो नाही. जसं झालं तसं लिहितो.

दिवेलागणीला आईने आणि आत्याने औक्षण करून मला खोलीत पाठवलं. ज्योत्स्ना पलंगाच्या कडेला बसली होती, फुलांना न चिरडता, बसस्टॉपवर बसतात तशी. मी दार लोटलं.

"कोण आहे तो?"

"कोण कोण?"

"ज्याच्यासाठी तू हात लावला नाहीस."

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि ती हसली. त्या हसण्याने मी आणखीच भडकलो. मग बघितलं तर ती रडत होती. दोन्ही एकदम.

"अय गाढवा," ती म्हणाली. किती दिवसांनी 'अय'. "कुणी नाही रे. खोटं बोलवेना मला, एवढंच."

"कसलं खोटं?"

"तू पाणी घेऊन म्हणणार, आम्हाला दोघांना आता मूल हवंय. आणि मी हात लावून हो म्हणणार. मला आता नकोय. ऑगस्टमध्ये माझी परीक्षा आहे. नंतर प्रॅक्टिकलं. पोट दिसायला लागलं की आई मला वॉर्डात पाठवणार नाहीत, आणि तूही मला राणी करून बसवणार. गोळ्या खाऊन मी सगळ्यांना फसवू शकले असते, नर्स आहे मी. तेही मनात आलं. पण आईंनी त्या दिवशी त्यांच्या पोटातच गेलेल्या दोघांचं सांगितलं ना, त्यानंतर मला त्यांच्या देवापुढे फसवाफसवी जमेना."

"मग मला सांगायचं होतंस!"

"सांगत होते की. नदीवर. तू म्हणालास, कागदाचा तुकडा."

मी पलंगावर बसलो. फुलं चिरडली. मला नदी आठवली, दाराखालची उजेडाची पट्टी आठवली, गादीखालचं पुस्तक, क्रेटवरचं पुस्तक, शुभांगीचं तोंड. एकामागून एक. 

"तो दिवा," मी म्हणालो. "तू जागी असायचीस ते माझ्यासाठी नाही."

"अभ्यास करत होते. तुझ्या उशीमुळे माझी दोन विषयांची तयारी झाली. खरंच सांगते, तू बाहेर गेलास ते माझ्या पथ्यावर पडलं. राग आला?"

आला. खोटं कशाला लिहू? तीन महिने ज्या क्षणासाठी जळत होतो तो क्षण समोर, ती हिरव्या साडीत, आणि तिला त्या वेळी माझ्यापेक्षा एक पुस्तक जवळचं होतं. मी म्हणालो, "मी तुझ्यासाठी कॉलेज सोडलं."

"मी सांगितलं होतं सोडायला?" ती म्हणाली. "माझ्यासाठी काही करायचंच असेल तर माझं सुटू देऊ नकोस."

बाहेर बांगड्या वाजल्या. आई आणि आत्या हॉलमध्येच बसल्या होत्या, उगाच काहीतरी निवडत. मला सकाळचा तिचा हात आठवला. वर-खाली होणारा, पण न लागणारा. सगळ्या घरादारासमोर, देवासमोर, अग्नीसमोर तिने एकटीने नाही म्हटलं होतं आणि कुणाला कळूही दिलं नव्हतं. मी ओळखपत्र फेकलं, खुर्चीला लाथ मारली, पिशवी फोडली. असलं काही मला जमलं नव्हतं.

मी उठलो. गादीखालून पुस्तक काढून तिच्या मांडीवर ठेवलं. आईने सकाळीच मोठ्या हौसेने पलंगावर आणून ठेवलेली माझी उशी उचलली.

"कुठे निघालास?"

"माझ्या जागेवर."

दार उघडलं. आई ताडकन उभी राहिली. "काय रे? उशी कुठं घेऊन चाललास?"

"हॉलमध्ये. माझी तयारी झाली नाही, आई."

"तीन महिने तूप प्यायलास, आणि तयारी नाय झाली?"

"नाही झाली."

आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बाई, डॉक्टरला दाखवा याला." मी म्हणालो, "दाखवा. घोटीत सांगा, इगतपुरीत सांगा, हर्षलची तयारी झाली नाही. मी कुणाला भीत नाही."

"तिने काय म्हटलं का तुला?" आईने माझ्या खांद्यावरून आत बघायचा प्रयत्न केला. मी सरकून दार अडवलं.

"तिने काही म्हटलं नाही. सकाळी संकल्पाचं पाणी माझ्या हातून सांडलं. ताम्हनात एक थेंब गेला नाही.  सगळं माझ्या धोतरावर गेलं." हे मात्र शब्द न् शब्द खरं होतं. "ऑगस्टमध्ये तिची परीक्षा आहे. ज्योत्स्ना ती देणार. मग तिला विचारू, मुहूर्त तीच काढेल. तोवर तू तुझे सगळे नियम लाव, मी पाळीन. तूप दे, पितो. फक्त कॅलेंडरचं ते पान उलटं राहील आणि गाडीवरचं क्रेट उद्यापासून निघेल."

"आणि तवर लोकांना काय सांगू मी?"

"सांग की जमिनीला अजून ऊन खाऊ देतोय."

 आई माझ्याकडे रागाने बघत होती, पण आणखीही काहीतरी होतं, ते मला ओळखता आलं नाही. कोपऱ्यातून अण्णा म्हणाले, "मालन, पोराला दिवाणावर चादर दे." तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग हळूच म्हणाली, "निदान दिवा तरी मालव म्हणावं तिला. लोक काय म्हणतील."

"दिवा चालूच राहणार," मी म्हणालो.

मागे वळून दोन पावलं पलंगाशी गेलो. ज्योत्स्ना मोगऱ्याच्या माळांमध्ये मांडी घालून बसली होती, पुस्तक उघडलेलं, पेन्सिल तोंडात. तिने मान वर केली, हात पुढे केला आणि माझ्या मनगटाला लावला. अगदी नीट, पाची बोटं. मग म्हणाली, "जा आता. वारा येतोय, पानं उडतात."

मी उशी काखेत मारली, उंबऱ्याबाहेर पाय ठेवला आणि दार ओढून घेतलं.